एका शब्दावर उभं राहिलेलं नियमन : अमेरिकेत कार्बनचे नियम कोर्टात कसे टिकतात आणि कसे पडतात

अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडवर देशभर मर्यादा घालणारा स्वतंत्र कायदा संसदेने कधी केलाच नाही. 2009 च्या जूनमध्ये तसं एक विधेयक प्रतिनिधिगृहात 219 विरुद्ध 212 असं काठावर पार पडलं, पण सिनेटमध्ये ते मतदानापर्यंतही पोचलं नाही. तरीही तेव्हापासून मोटारी, ट्रक, वीजकेंद्रं आणि तेलविहिरी यांच्यासाठी हरितगृह वायूंचे नियम निघाले, कोर्टात अडकले, मागे घेतले गेले, पुन्हा लिहिले गेले. या सगळ्याचा आधार 1970 चा स्वच्छ हवा कायदा आहे. तो लिहिला गेला तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर धूर, काजळी आणि शहरांवर साचणारं धुरकं होतं.

म्हणून ‘सुप्रीम कोर्टाने हवामानाचा नियम रद्द केला’ अशी बातमी आली की एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. तापमानवाढ खरी की खोटी, यावर न्यायाधीश सहसा निकाल देत नाहीत. संसदेने पर्यावरण संरक्षण संस्थेला, म्हणजे ईपीएला, जे वाक्य लिहून दिलं आहे त्यात हा नियम बसतो का, एवढंच ते तपासतात. त्यामुळे या खटल्यांत बाजी फिरते ती शब्दांवर: ‘प्रदूषक’, ‘धोका’, ‘सर्वोत्तम प्रणाली’.

कलम 202 मधलं वाक्य

मोटारींबद्दलच्या कलम 202 चा आशय असा: नव्या वाहनांतून बाहेर पडणारा कोणताही वायुप्रदूषक जर, प्रशासकाच्या (म्हणजे ईपीएच्या प्रमुखाच्या) मते, सार्वजनिक आरोग्याला किंवा कल्याणाला धोका पोचवेल अशी वाजवी अपेक्षा असलेल्या प्रदूषणाला कारणीभूत होत असेल किंवा त्यात भर घालत असेल, तर त्यासाठी प्रशासकाने मानकं ठरवलीच पाहिजेत.

वाक्य लांबलचक आहे, पण त्याचा प्रत्येक तुकडा पुढे कोणत्या ना कोणत्या खटल्यात कामाला आला. ‘वायुप्रदूषक’ याची व्याख्या त्याच कायद्यात आहे आणि ती फार ऐसपैस आहे: हवेत सोडला जाणारा कोणताही भौतिक, रासायनिक, जैविक वा किरणोत्सारी पदार्थ. ‘कल्याण’ या शब्दात काय काय येतं त्याची यादीही कायद्यातच आहे. माती, पाणी, पिकं, प्राणी यांच्या जोडीला तिथे ‘हवामान’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. ‘वाजवी अपेक्षा’ ही शब्दयोजना 1977 च्या दुरुस्तीतून आली. त्याआधी पेट्रोलमधल्या शिशावरून मोठा खटला झाला होता. नुकसान पूर्ण सिद्ध होईपर्यंत थांबायचं, की धोका दिसू लागताच पाऊल उचलायचं, हा त्यातला वाद. 1976 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने दुसरी बाजू उचलून धरली आणि पुढच्याच वर्षी संसदेने तो विचार कायद्यात घातला.

सगळ्यात वजनदार आहे तो शेवटचा ‘च’. धोका आहे असं एकदा लिहून दिलं की मानकं ठरवणं ऐच्छिक राहत नाही. त्यामुळे सगळी लढाई त्या एका निष्कर्षाभोवती होते. कायद्याच्या भाषेत त्याला धोका-निष्कर्ष म्हणू या.

मॅसॅच्युसेट्सचा खटला

1999 मध्ये काही संस्थांनी ईपीएकडे अर्ज केला की मोटारींतून निघणाऱ्या हरितगृह वायूंवर मानकं ठरवा. 2003 मध्ये ईपीएने नकार दिला आणि दोन कारणं दिली. एक, हे वायू कायद्याच्या अर्थाने प्रदूषक नाहीत, त्यामुळे आम्हाला अधिकारच नाही. दोन, अधिकार असला तरी आत्ता तो वापरणं शहाणपणाचं नाही, कारण सरकारचे स्वेच्छा कार्यक्रम चालू आहेत आणि इतर देशांशी वाटाघाटी करताना हात बांधले जातील. या नकाराविरुद्ध मॅसॅच्युसेट्ससह 12 राज्यं कोर्टात गेली.

पहिला अडसर प्रदूषणाचा नव्हताच. तो होता दाद मागण्याच्या अधिकाराचा. अमेरिकेच्या संघीय कोर्टात उभं राहायचं तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: मला प्रत्यक्ष इजा झाली आहे, ती समोरच्याच्या कृतीमुळे झाली आहे, आणि कोर्टाच्या आदेशाने ती थोडी तरी भरून निघेल. साऱ्या जगाला तापवणाऱ्या वायूबाबत हे दाखवायचं कसं? मॅसॅच्युसेट्सने आपला समुद्रकिनारा पुढे केला. विसाव्या शतकात समुद्राची पातळी 10 ते 20 सेंटीमीटर वाढली आणि किनाऱ्यावरची बरीच जमीन राज्याच्याच मालकीची आहे, म्हणजे नुकसान राज्याच्या मालमत्तेचं आहे. सरकारचं म्हणणं होतं की अमेरिकेतल्या नव्या गाड्यांचा यातला वाटा इतका लहान की त्यावर नियम केल्याने समुद्र काही मागे हटणार नाही.

2 एप्रिल 2007 रोजी 5 विरुद्ध 4 असा निकाल लागला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी बहुमताच्या वतीने लिहिलं की सरकारी संस्था मोठे प्रश्न एका फटक्यात सोडवत नाहीत, पायरी पायरीने सोडवतात. आणि ही पायरीही बारीक नव्हती. 1999 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक क्षेत्राने 1.7 अब्ज टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडला होता, म्हणजे जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या 6 टक्क्यांहून जास्त. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विरोधी मत लिहिलं: इतक्या लांबच्या आणि इतक्या विरळ संबंधावर कोर्टाचं दार उघडता येत नाही. हा 6 टक्क्यांचा युक्तिवाद लक्षात ठेवा. अठरा वर्षांनी तो उलट्या दिशेने परत आला.

कोर्टाने ईपीएला ‘नियम करा’ असं सांगितलं नव्हतं, ही बाब बातम्यांत हमखास चुकते. कोर्टाने म्हटलं की हे वायू व्याख्येत बसतात. आता धोका आहे की नाही ते ठरवा, किंवा विज्ञान इतकं अपुरं आहे की ठरवताच येत नाही असं असेल तर तसं लिहून द्या. परराष्ट्र धोरण किंवा सरकारची सोय ही कायद्यातली कारणं नाहीत, ती चालणार नाहीत. म्हणजे कोर्टाने उत्तर दिलं नाही. कोणत्या कारणांनी उत्तर द्यायचं, तेवढं आखून दिलं.

उत्तर लगेच आलंही नाही. डिसेंबर 2007 मध्ये ईपीएने धोका-निष्कर्षाचा मसुदा ईमेलने व्हाइट हाउसला पाठवला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी तो ईमेल उघडलाच नाही. उघडला असता तर कागद अधिकृतपणे हाती आला असं झालं असतं आणि पुढची पावलं टाळता आली नसती. सरकार बदललं आणि डिसेंबर 2009 मध्ये निष्कर्ष अखेर जाहीर झाला. त्यात सहा वायूंचं मिश्रण हा एकच प्रदूषक धरला आहे: कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, हायड्रोफ्लुरोकार्बन, परफ्लुरोकार्बन आणि सल्फर हेक्साफ्लुराइड. वेगवेगळ्या वायूंची बेरीज कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत करतात. 100 वर्षांच्या हिशेबात 1 टन मिथेन म्हणजे साधारण 28 टन कार्बन डायऑक्साइड. मे 2010 मध्ये मोटारींची पहिली मानकं आली: 2016 च्या मॉडेलपर्यंत सरासरी मैलाला 250 ग्रॅम. 2012 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी एकमताने हा निष्कर्ष कायम ठेवला.

250 टनांचं गणित

इथून पुढची गुंतागुंत समजायला एक आकडेमोड करू या, कारण एक अख्खा खटला त्यावर फिरला.

स्वच्छ हवा कायद्यात मोठ्या कारखान्यांसाठी बांधकामपूर्व परवाना लागतो. मोठा म्हणजे किती? काही ठरावीक उद्योगांसाठी वर्षाला 100 टन, बाकी सगळ्यांसाठी 250 टन प्रदूषक सोडण्याची क्षमता असलेला. सल्फर डायऑक्साइड किंवा काजळीच्या बाबतीत 250 टन म्हणजे खरोखरच मोठा कारखाना. पण कार्बन डायऑक्साइड ही अशुद्धी नाही. इंधन नीट जळलं तरी तो निघणारच, आणि टनांनी निघणार.

नैसर्गिक वायू जाळला की दर दहा लाख बीटीयू (उष्णता मोजायचं अमेरिकी एकक) उष्णतेमागे सुमारे 53 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. 250 अमेरिकन टन म्हणजे जवळपास 2 लाख 27 हजार किलो. भागाकार केला की वर्षाला साधारण 4,270 दशलक्ष बीटीयू येतात. आता कायदा बघतो ती ‘सोडण्याची क्षमता’, प्रत्यक्ष वापर नव्हे. म्हणजे बॉयलर हिवाळ्यात चारच महिने चालत असला तरी हिशेब वर्षाच्या सगळ्या 8,760 तासांचा. 4,270 ला 8,760 ने भागलं की ताशी सुमारे पाच लाख बीटीयू. एखाद्या मध्यम आकाराच्या निवासी इमारतीच्या तळघरातला बॉयलर एवढा सहज असतो. कायद्याचा आकडा शब्दशः धरला तर त्या इमारतीला तेलशुद्धीकरण कारखान्याच्या रांगेत परवान्यासाठी उभं राहावं लागलं असतं.

ईपीएचा स्वतःचाच अंदाज असा होता: बांधकाम परवान्याचे अर्ज वर्षाला 800 वरून जवळपास 82,000 वर जातील आणि प्रशासकीय खर्च 1.2 कोटी डॉलरवरून दीड अब्जाच्या वर. चालू ठेवण्याचा परवाना लागणाऱ्यांची संख्या 15,000 च्या आतून 61 लाखांवर. हे अशक्य होतं, म्हणून ईपीएने हरितगृह वायूंपुरता उंबरठा 75,000 आणि 1,00,000 टनांवर नेला.

हेतू चांगला होता, पण कायद्यात छापलेला आकडा बदलायचा अधिकार संस्थेला कुठून आला? जून 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच विचारलं. न्यायमूर्ती स्केलिया यांनी लिहिलेल्या निकालाचे दोन भाग आहेत. केवळ हरितगृह वायूंच्या आधारावर कुणालाही परवान्याच्या कक्षेत ओढता येणार नाही, आणि संसदेचे आकडे ईपीएला बदलता येणार नाहीत. मात्र जो कारखाना इतर प्रदूषकांमुळे आधीच परवान्याच्या कक्षेत आहे, त्याला कार्बनसाठीही उपलब्ध असलेलं सर्वोत्तम नियंत्रण तंत्रज्ञान वापरायला सांगता येईल. ईपीएला स्थिर स्रोतांच्या, म्हणजे कारखाने आणि वीजकेंद्रांच्या, 86 टक्के उत्सर्जनापर्यंत पोचायचं होतं. या निकालानंतरही ती 83 टक्क्यांपर्यंत पोचत होती. मथळे ‘ईपीएला दणका’ असे होते. आकडे पाहिले तर हातातून 3 टक्के गेले होते. निकाल वाचताना ‘कोण जिंकलं’ यापेक्षा ‘कुठला अधिकार उरला’ हे शोधावं, ते अशा उदाहरणांमुळे.

नियम जन्मतो कसा, अडकतो कुठे

वीजकेंद्रांकडे वळण्याआधी प्रक्रिया सांगायला हवी, कारण निम्मे नियम प्रक्रियेतच मार खातात.

आधी मसुदा राजपत्रात छापतात. मग हरकती आणि सूचनांसाठी मुदत, बहुधा 60 दिवस, आणि जाहीर सुनावणी. 2014 च्या वीजकेंद्रांच्या मसुद्यावर 43 लाख सूचना आल्या होत्या. प्रत्येक महत्त्वाच्या हरकतीला ईपीएला लेखी उत्तर द्यावं लागतं. एक जरी वजनदार हरकत अनुत्तरित राहिली तर ‘मनमानी आणि लहरी’ या कसोटीवर कोर्ट नियम पाडू शकतं. उलट बाजूनेही तेवढीच काळजी लागते: जो मुद्दा हरकतींच्या मुदतीत पुरेशा स्पष्टपणे मांडला नाही, तो नंतर कोर्टात सहसा मांडता येत नाही. म्हणून दोन्हीकडचे वकील हरकतींच्या कागदातच आपला पुढचा खटला लिहून ठेवतात.

अंतिम नियम राजपत्रात आला की आव्हान द्यायला 60 दिवस. देशव्यापी नियम असेल तर ते थेट वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात, तीन न्यायाधीशांसमोर. तिथे तीन शब्द नीट वेगळे करून वाचावेत. स्थगिती म्हणजे निकाल लागेपर्यंत अंमलबजावणी थांबली, नियम बरोबर की चूक ते अजून ठरलेलं नाही. रद्दबातल म्हणजे नियम संपला. फेरविचारासाठी परत पाठवणं म्हणजे दोष दुरुस्त करून या, आणि अशा वेळी नियम कधी कधी तोवर चालूही राहतो. बातमीत तिन्हींसाठी ‘कोर्टाने रोखला’ हाच शब्द येतो.

नियम मागे घ्यायलाही हीच सगळी वाट चालावी लागते. 1983 च्या एका निकालात, गाड्यांमधल्या एअरबॅग आणि आपोआप लागणाऱ्या सीटबेल्टच्या नियमावरून, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नियम करायला जशी कारणं लागतात तशी तो काढायलाही लागतात. नवं सरकार आलं एवढं कारण पुरत नाही. याला एक आडवाट आहे. एका पुनरावलोकन कायद्याखाली नवी संसद आधीच्या सरकारने शेवटच्या काळात केलेला नियम साध्या बहुमताने फेटाळू शकते, आणि मग त्याच धर्तीचा नियम संसदेच्या परवानगीशिवाय पुन्हा करता येत नाही. मुदत मोजतात कामकाजाच्या 60 दिवसांत, त्यामुळे ती मागे मागे पसरते. निवडणुकीच्या वर्षी वसंत ऋतूत नियमांची घाई दिसते ती याचसाठी.

कुंपणाच्या आत की बाहेर

वीजकेंद्रांसाठी कलम 111 आहे. ते म्हणतं की पुरेशी सिद्ध झालेली उत्सर्जन घटवण्याची ‘सर्वोत्तम प्रणाली’ कोणती ते ईपीएने ठरवावं आणि त्या प्रणालीने जेवढी घट साधेल तेवढी मर्यादा घालावी. ‘प्रणाली’ म्हणजे काय, इथेच सगळं अडलं.

एका कोळसा केंद्राच्या कुंपणाच्या आत काय करता येतं पाहा. टर्बाइनची पाती सुधारा, गळती बंद करा, बॉयलर साफ ठेवा. इंधनाची बचत होते साधारण 2 ते 4 टक्के. त्यातही एक फसवणूक दडलेली आहे: केंद्र कार्यक्षम झालं की त्याची वीज स्वस्त पडते, म्हणून ते जास्त तास चालवलं जातं आणि एकूण उत्सर्जन वाढूही शकतं. खरी घट कुंपणाबाहेर आहे. कोळशाची एक मेगावॅट-तास वीज म्हणजे सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड. आधुनिक वायू केंद्रात तीच वीज साधारण 0.4 टनात होते, पवनचक्कीत जळणच नाही. वीजजाळ्यातली सगळी केंद्रं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त वीज करणं ही ग्रिड चालवणाऱ्यांची रोजचीच कामगत आहे.

ऑगस्ट 2015 मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ वीज आराखड्याने ही संपूर्ण जुळणी म्हणजेच ‘प्रणाली’ असं धरलं: केंद्रांची सुधारणा, कोळशाकडून वायूकडे सरकणं आणि दोन्हींकडून पवन-सौरकडे सरकणं. लक्ष्य होतं 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत वीजक्षेत्राचं उत्सर्जन 32 टक्के घटवण्याचं. 9 फेब्रुवारी 2016 रोजी सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्याला स्थगिती दिली. खालच्या कोर्टाने नियम तपासण्याआधीच सुप्रीम कोर्टाने तो थांबवण्याची ही पहिलीच वेळ. आराखडा एक दिवसही लागू झाला नाही. 2019 मध्ये नव्या सरकारने तो काढून फक्त कुंपणाच्या आतल्या सुधारणांचा नियम आणला. जानेवारी 2021 मध्ये अपील कोर्टाने तोही पाडला.

मग त्या निकालाविरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया राज्य सुप्रीम कोर्टात गेलं, आणि 30 जून 2022 रोजी निकाल आला, 6 विरुद्ध 3. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ‘मोठ्या प्रश्नांचं तत्त्व’ वापरलं: देशाच्या अर्थकारणावर आणि राजकारणावर प्रचंड परिणाम करणारा अधिकार एखादी संस्था सांगत असेल, तर संसदेने तो स्पष्ट शब्दांत दिला आहे असं दिसलं पाहिजे. ईपीएच्या हिशेबाने 2015 च्या आराखड्यामुळे देशाच्या विजेतला कोळशाचा वाटा 2014 मधल्या 38 टक्क्यांवरून 2030 पर्यंत 27 टक्क्यांवर येणार होता. देशाने कोणत्या इंधनावर किती वीज करायची हे ‘प्रणाली’ या एका शब्दाच्या आडोशाने ठरवता येणार नाही, असं बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती केगन यांनी विरोधी मतात दाखवून दिलं की त्या आराखड्याचं देशव्यापी लक्ष्य वीज उद्योगाने दरम्यान आपणहूनच गाठलं होतं, आणि तेही त्यात सुचवलेल्या उपायांनीच. इतकी वर्षं ज्याला उलथापालथ म्हटलं गेलं ते बाजाराने नियमाविना करून टाकलं होतं, आणि आमच्या मते या निकालाची सर्वात कमकुवत बाजू हीच आहे.

तरीही या निकालाचा आवाका मोजून घ्यावा. कार्बन डायऑक्साइडवर नियमन करण्याचा अधिकार तो काढून घेत नाही. काढून घेतो तो एक मार्ग, एका केंद्राकडून दुसऱ्याकडे वीज सरकवण्याचा. म्हणून 2024 च्या एप्रिलमध्ये आलेला पुढचा नियम पूर्णपणे कुंपणाच्या आत बसवला होता. 2039 नंतरही चालवायच्या कोळसा केंद्रांनी 2032 पर्यंत धुराड्यातला 90 टक्के कार्बन पकडायचा, आणि त्याआधी बंद होणाऱ्यांनी, मोजके अपवाद सोडून, 2030 पासून 40 टक्के नैसर्गिक वायू मिसळून जाळायचा. आता वादाचा शब्द बदलला: ‘पुरेशी सिद्ध झालेली’. कॅनडातल्या सस्कॅचवानमधलं बाउंडरी डॅम केंद्र 2014 पासून कार्बन पकडतं आहे आणि ईपीएने त्याचाच दाखला दिला. पण तिथली यंत्रणा वारंवार बंद पडली आणि वर्षाची पकड ठरवलेल्या पातळीखाली राहिली. टेक्सासमधला पेट्रा नोव्हा प्रकल्प 2017 मध्ये सुरू झाला, 2020 मध्ये थांबला, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. यंत्र चालतं हे दाखवणं एक, आणि ते शेकडो केंद्रांवर वर्षभर चालेल हे दाखवणं वेगळं. विरोधकांचा सगळा भर या फरकावर होता.

2024 च्याच जूनमध्ये आणखी एक खांब हलला. 1984 पासून असा दंडक होता की कायद्याचा शब्द संदिग्ध असेल तर संस्थेने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मान्य करावा. तो दंडक जन्मला होता स्वच्छ हवा कायद्यातल्याच ‘स्थिर स्रोत’ या शब्दावरच्या खटल्यात. 28 जून 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने तो मोडीत काढला. आता अर्थ न्यायाधीश स्वतः लावतात. जुन्या कायद्यातून नवा उपाय शोधणाऱ्या संस्थेसाठी ही जमीन बरीच निसरडी झाली, आणि गंमत नाही तर गंभीर बाब अशी की जुन्या अर्थाला चिकटून राहणाऱ्या संस्थेलाही आता तो अर्थ कोर्टात नव्याने सिद्ध करावा लागतो.

मुळावरच घाव

2025 मध्ये वाद फांद्यांवरून मुळाशी आला. जूनमध्ये ईपीएने वीजकेंद्रांचे कार्बन नियम काढण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकी वीजकेंद्रांचा जागतिक उत्सर्जनातला वाटा लहान आणि घटता आहे, म्हणून त्यांची ‘लक्षणीय भर’ धरता येत नाही, हे त्यातलं कारण. हा तोच वाट्याचा युक्तिवाद, जो 2007 मध्ये हरला होता. जुलैमध्ये 2009 चा धोका-निष्कर्षच मागे घेण्याचा प्रस्ताव आला. कलम 202 स्थानिक आणि प्रादेशिक प्रदूषणापुरतं आहे, हा ‘मोठा प्रश्न’ आहे, आणि अर्थ लावण्याचे नियम आता बदलले आहेत, असे कायदेशीर मुद्दे त्यात होते. फेब्रुवारी 2026 मध्ये ईपीएने निष्कर्ष अखेर मागे घेतला. निष्कर्ष गेला की तो ‘च’ही जातो, आणि मोटारींच्या कार्बन मानकांचा पायाच निघतो.

विज्ञानाची बाजू मात्र 2009 पेक्षा भक्कम झाली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी अहवाल दिला की तेव्हाचा निष्कर्ष अचूक होता आणि नंतरच्या पुराव्याने तो अधिक बळकट झाला आहे. 2009 च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानुसार नवं धोरण जर आधीच्या तथ्यांशी विसंगत तथ्यांवर उभं असेल तर जास्त सविस्तर खुलासा द्यावा लागतो. म्हणून सरकारी वकील विज्ञानापेक्षा शब्दार्थावर जास्त भर देतात, ते समजण्यासारखं आहे. पण शब्दार्थाच्या वाटेवर 2007 चा निकाल आडवा उभा आहे, कारण ‘हे वायू प्रदूषक आहेत’ हे सुप्रीम कोर्टाने त्याच कलमाबद्दल सांगितलेलं आहे.

आणि या वाटेचा एक परिणाम खुद्द उद्योगांना जड जाणारा आहे. 2004 मध्ये काही राज्यांनी आणि न्यूयॉर्क शहराने वीज कंपन्यांवर उपद्रवाचा दावा लावला होता, म्हणजे तुमच्या धुरामुळे आमचं नुकसान होतं, ते थांबवा. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो 8 विरुद्ध 0 असा नाकारला. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी दिलेलं कारण असं होतं की संसदेने हा विषय स्वच्छ हवा कायद्याने ईपीएकडे सोपवला आहे, त्यामुळे न्यायाधीशांनी दावेगणिक मर्यादा ठरवत बसू नये. कंपन्यांना मिळालेली ही ढाल ईपीएच्या अधिकारातूनच घडलेली होती. हा अधिकार कायद्यात नाहीच असं उद्या ईपीएनेच कोर्टात पटवून दिलं, तर त्या ढालीचा आधार निघून जातो. राज्यांच्या कायद्यांखाली भरलेले दावे तर आधीच चालू आहेत: होनोलुलूने तेल कंपन्यांवर लावलेला दावा थांबवायला सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये नकार दिला आणि तो हवाईच्या कोर्टात पुढे सरकला.